सीईटीच्या गणिताची पर्सनल ट्यूशन घ्यायची असेल तर

दर वर्षी मे-जूनमध्ये कुणी ना कुणी मला विचारतंच की ताई माझं इंजिनिअरिंग झालंय, किंवा एमएस्सी झालंय, गणित चांगलं आहे, घरी एक-दोन पोरांची सीईटीची, म्हणजे बारावीनंतर इंजिनिअरिंगला जायच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेची, ट्यूशन घ्यायची म्हणतेय तर सुरुवात कशी करू. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि चौदा वर्षं हेच करतेय, बारावी सायन्सची पोरं, एका वेळी एक किंवा फार तर तीन, त्याच्या वर नाही. इथल्या पोरांना इंजिनिअरिंगसाठी इथल्या वालचंद कॉलेजला नाहीतर पुण्याला सीओईपीला जायचं असतं, सगळ्यांचं होत नाही पण गणित सुधारतं एवढं मात्र मी बघितलंय.

आधी माझ्या पहिल्या वर्षाचं सांगते. मुलगा चांगला होता, वेळेवर यायचा, ऐकून घ्यायचा, प्रत्येक गणिताला मान डोलवायचा, आणि मी जीव तोडून शिकवायचे, एक गणित तीन तीन पद्धतींनी करून दाखवायचे. जानेवारीत त्याला पहिल्यांदा अख्खा पेपर एकट्याला सोडवायला बसवला तर ५० पैकी १९ बरोबर. मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्याची वही मागून घेतली आणि पानं उलटत बसले, तर निम्म्याहून जास्त गणितं माझ्या अक्षरात. म्हणजे सहा महिने मीच माझा सराव करत होते आणि तो समोर बसून बघत होता.

तेव्हापासून मी शिकवताना पेन हातात घेत नाही. पेन पोराच्या हातात, वही पोराच्या पुढ्यात, आणि मी शेजारी बसून फक्त हात बघते. फळ्यावर सोडवून दाखवणारे सर क्लासमध्ये असतात, यूट्यूबवर तर फुकट असतात, आणि त्यातले कितीतरी तुमच्या-माझ्यापेक्षा छान शिकवतात. पालक वेगळे पैसे मोजून पोराला तुमच्याकडे पाठवतात कारण शंभर पोरांच्या क्लासमध्ये त्याचा हात चालताना कुणी बघत नाही, कंस सोडवताना वजाचं चिन्ह कुठं पडलं, कुठल्या ओळीला तो थबकला, सूत्र आठवलं की अंदाजानं लिहिलं, हे तिथं कुणाला दिसत नाही. ते बघणं म्हणजेच तुमचं काम, आणि खाली जे काही लिहिलंय ते सगळं यातूनच आलेलं आहे.

परीक्षा आधी तुम्हाला नीट माहीत पाहिजे. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम ग्रुपमध्ये फिजिक्सचे ५०, केमिस्ट्रीचे ५० आणि मॅथ्सचे ५० प्रश्न असतात, पण फिजिक्स-केमिस्ट्रीला प्रश्नाला १ मार्क आणि मॅथ्सला २, म्हणजे २०० पैकी १०० मार्क एकट्या गणिताचे. गणिताला वेळ ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. निगेटिव्ह मार्किंग नाही. अकरावीच्या ठरावीक धड्यांवर साधारण २० टक्के आणि बारावीवर ८० टक्के, म्हणजे १० प्रश्न आणि ४० प्रश्न. सिलॅबस स्टेट बोर्डाचा, पण अवघडपणा जेईई मेन या देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेच्या तोडीचा ठेवणार असं परीक्षा घेणारी सीईटी सेल स्वतःच सांगते, त्यामुळे नुसतं सूत्रात आकडे टाकून उत्तर येईल अशा भ्रमात पोरांना ठेवू नका. २०१९ पासून पेपर कॉम्प्युटरवर होतो, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होतो आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, ९० पर्सेंटाइल म्हणजे १०० पोरांत साधारण ९० पोरं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, हे पालकांना पहिल्याच भेटीत समजावून सांगा, नाहीतर निकालाच्या दिवशी घरोघरी गैरसमज होतात.

आता पहिला दिवस. पहिल्या दिवशी काही शिकवू नका. बारा-पंधरा साध्या प्रश्नांचा एक कागद द्या आणि शेजारी बसून गप्प बघा. साधे म्हणजे खरंच साधे. १/२ + १/३ किती, ५ − (३ − २ एक्स) सोडव, एक्सचा वर्ग ९ तर एक्स किती, ०.०४ चं वर्गमूळ किती, साइन १२० अंश किती, ए अधिक बी चा लॉग म्हणजे लॉग ए अधिक लॉग बी का. दहावीला गणितात पंच्याण्णव पडलेलं पोर ०.०४ चं वर्गमूळ ०.०२ लिहितं आणि एक्सचं उत्तर फक्त ३ लिहून मोकळं होतं, उणे ३ विसरतं. यात हसण्यासारखं काही नाही आणि ओरडण्यासारखं तर अजिबात नाही, कारण हीच पोरं पुढं इंटिग्रेशन आख्खं बरोबर करतात आणि शेवटच्या ओळीत अपूर्णांकाच्या बेरजेत २ मार्क घालवतात. हा कागद जपून ठेवा, तारीख टाकून. पहिले पंधरा दिवस यातलंच भोक बुजवायचं, अगदी आठवी-नववीची उदाहरणं द्यावी लागली तरी द्यायची. पालक म्हणतील की काय हो ताई, बारावीच्या पोराला अपूर्णांक शिकवताय, त्यांना तोच कागद दाखवायचा.

भाषेचं बघा, हे फार लोक बघत नाहीत. सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर मराठीतून घेता येतो पण गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. आपल्याकडं तासगाव, जत, विटा, आटपाडीकडून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली पोरं येतात, त्यांना गणित येत असतं, प्रश्न कळत नसतो. ‘ॲट लीस्ट’ आणि ‘ॲट मोस्ट’ यात ती हमखास गोंधळतात. नाणं ५ वेळा उडवलं, ॲट लीस्ट एक हेड यायची प्रोबॅबिलिटी किती, तर पोरगं नेमका एकच हेड धरून ५/३२ काढतं आणि दुर्दैवानं तो पर्यायही समोर दिलेला असतो. ॲट लीस्ट एक म्हणजे कमीत कमी एक, म्हणजे एकही हेड नाही हा एकच प्रकार सोडून बाकी सगळे, म्हणून १ − १/३२ = ३१/३२, हे मराठीतून एकदा सांगितलं की चेहरा खुलतो बघा. रिस्पेक्टिव्हली, कोलिनिअर, कोप्लॅनर, म्युच्युअली परपेंडिक्युलर, सबटेंड, इंटरसेप्ट असे साठ-सत्तर शब्द आहेत, वहीच्या मागच्या पानावर पोराकडूनच मराठी अर्थासकट लिहून घ्या आणि दर वेळी प्रश्न आधी मोठ्यानं वाचायला लावा, मग मराठीत सांगायला लावा की काय दिलंय आणि काय काढायचंय. पंधरा-वीस दिवस पोरं लाजतात, मग सवय होते. उलट शिकवताना मात्र बिनधास्त मराठीत बोला, शब्द इंग्रजी ठेवा पण वाक्य मराठी, समजण्यासाठी आपलीच भाषा लागते.

धडे कुठल्या क्रमानं घ्यायचे यावर प्रत्येकाचं वेगळं मत असेल, मी माझं सांगते. बारावीच्या बालभारतीच्या पुस्तकाचे दोन भाग आहेत, पहिल्यात ७ धडे आणि दुसऱ्यात ८, आणि या १५ पैकी ६ धडे सरळ कॅल्क्युलसचे आहेत. कॉलेजात मॅथेमॅटिकल लॉजिकपासून सुरू करतात, चालेल, पण मी ट्यूशनमध्ये अकरावीच्या ट्रिगनॉमेट्रीपासून सुरू करते. कारण अकरावीला पोरं जूनपासून दिवाळीपर्यंत ॲडमिशनच्या धांदलीत असतात, अभ्यास झालेला नसतो, आणि बारावीचं अर्धं पुस्तक त्या सूत्रांवर उभं आहे.

उदाहरण देते. टॅन इन्व्हर्स ऑफ, वर कॉस एक्स आणि खाली १ + साइन एक्स, याचं डेरिव्हेटिव्ह काढा. ज्याची ट्रिगनॉमेट्री कच्ची आहे तो चेन रूल लावतो, क्वोशंट रूल लावतो, पान भरतो, चार मिनिटं जातात आणि शेवटी कुठंतरी चिन्ह चुकतं. ज्याची पक्की आहे त्याला दिसतं की आतलं सगळं म्हणजे टॅन ऑफ (पाय/४ − एक्स/२), टॅन इन्व्हर्स आणि टॅन उडाले, डेरिव्हेटिव्ह −१/२, वीस सेकंदात संपलं. दोघांनाही डेरिव्हेटिव्ह येतंच होतं, फरक अकरावीचा आहे. तसंच स्ट्रेट लाइन पक्की केल्याशिवाय पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्सला हात लावू नका, फंक्शन्स-लिमिट्स-कंटिन्युइटी केल्याशिवाय डिफरन्सिएशनला नको. म्हणजे अकरावीचे धडे २० टक्क्यांसाठी वेगळे करायचे नाहीतच, बारावीच्या त्या त्या धड्याच्या आधी जोडूनच करायचे.

लॉजिक, मॅट्रायसेस, लिनिअर प्रोग्रॅमिंग, बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन हे हाताशी लागणारे धडे आहेत, कच्च्या पोराचा धीर टिकवायला अवघड धड्यांच्या मधे मधे पेरा. लॉजिकमध्ये एकच जागा नीट समजावा, जर-तर विधानाचं निगेशन. ‘पाऊस आला तर मी छत्री घेईन’ याचं निगेशन विचारलं की पोरं म्हणतात ‘पाऊस नाही आला तर छत्री घेणार नाही’. मी विचारते, तू खोटं कधी ठरशील? पाऊस आला आणि तू छत्री घेतली नाहीस तेव्हाच ना? मग तेच निगेशन. पाऊस आला हे पी, छत्री घेतली हे क्यू, तर निगेशन पी आणि नॉट क्यू. एकदा असं कळलं की मग सूत्र पाठ करावं लागत नाही.

सीबीएसईचं पोर आलं तर एक लक्षात ठेवा, त्यांच्या बारावीच्या आताच्या सिलॅबसमध्ये मॅथेमॅटिकल लॉजिक नाही, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स नाही, प्लेन आणि बायनॉमियल डिस्ट्रिब्युशनही वगळलेलं आहे, आणि सीईटीला तर हे सगळं येतं. बालभारतीची दोन्ही पुस्तकं त्यांच्याकडून घेऊन ठेवा, ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळते. खरं तर पुस्तक सगळ्यांनाच लागतं. जाडजूड गाइडं आणि क्लासची मॉड्यूल्स घरात पडलेली असतात आणि पाठ्यपुस्तक कोरं करकरीत, असं मी दर वर्षी बघते. प्रत्येक धड्याच्या शेवटी मिसलेनियस एक्सरसाइज असते, तिच्यात आधी पर्यायी प्रश्न आहेत, ते सगळे सोडवल्याशिवाय मी दुसऱ्या पुस्तकाला हात लावू देत नाही. त्यानंतर मागच्या वर्षांचे पेपर, तेही धड्याप्रमाणे वेगळे केलेले, बाजारात सहज मिळतात.

रोजचा तास कसा जातो तर असा. मी दीड तास घेते, आठवड्यातून तीन दिवस, रोज नाही, कारण मधल्या दिवशी पोरानं एकट्यानं बसलं पाहिजे. आल्या आल्या पाच जुनी गणितं, मागच्या महिन्यातली, वही न उघडता. मग गृहपाठातलं जे आलं नाही तेवढंच, आणि तिथंही मी सोडवून देत नाही, विचारते की तू कुठपर्यंत आलास, तिथून पुढची एकच ओळ सुचवते. मग नवीन भाग, वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त बोलत नाही. उरलेला सगळा वेळ तो सोडवतो आणि मी बघते. सगळ्यात अवघड काम म्हणजे गप्प बसणं, हे आधीच सांगते. पोर अडलं की आपली जीभ शिवशिवते, सांगून टाकावंसं वाटतं. मनातल्या मनात साठपर्यंत मोजा. निम्म्या वेळा चाळीसच्या आत त्याला स्वतःलाच सुचतं, आणि जे स्वतःला सुचलं ते पोर परीक्षेत विसरत नाही.

आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारणं बंद करा. कुठलंही पोर हो म्हणतं, मोठ्या माणसाला नाही म्हणायचं धाडस आपल्याकडं पोरांना शिकवलेलंच नाही. त्याऐवजी म्हणा, आता मला शिकव. मुली यात फार छान खुलतात, ज्या तीन महिने तोंडातून शब्द काढत नाहीत त्या वही माझ्याकडं वळवून ‘ताई बघा, इथं आधी लिमिट बदलायची’ असं सांगायला लागतात तेव्हा मला कळतं की आता हिचं जमलं.

चुकांची वही हा माझ्या ट्यूशनचा कणा आहे. वेगळी दोनशे पानी वही, तिच्यात फक्त चुकलेली गणितं, प्रश्न, पोरानं केलेलं चुकीचं उत्तर जसंच्या तसं, आणि खाली त्याच्याच शब्दात एक ओळ की का चुकलं. ‘सिली मिस्टेक’ असं लिहिलेलं मी चालवून घेत नाही, त्या शब्दाखाली पोरं सगळं झाकतात. नेमकं लिहायचं. उदाहरणार्थ ३ एक्सचा वर्ग + १० एक्सवाय + ३ वायचा वर्ग = ० या दोन रेषांमधला कोन काढायचा, सूत्रात मधलं पद २एचएक्सवाय असतं म्हणजे एच ५ होतो, रूटच्या आत २५ − ९ म्हणजे १६, वर २ गुणिले ४ म्हणजे ८, खाली ६, टॅन थीटा ४/३. पोरं एच १० धरतात आणि रूट ९१ वर अडकून बसतात. मग वहीत लिहायचं की ‘मधल्या आकड्याचं निम्मं केलं नाही’. अशी पन्नासेक गणितं जमली की वही चाळताना पोराला स्वतःलाच दिसतं की आपण त्याच चार-पाच जागी घसरतोय. एका मुलीच्या वहीत पन्नासपैकी सतरा चुका कंसाबाहेरच्या वजाच्या होत्या. तिला मी महिनाभर फक्त एकच सांगितलं, कंस सोडवताना वेगळी ओळ लिही, डोक्यात करू नको. बाकी काही नवीन शिकवलं नाही आणि तिचे मार्क वाढले.

पर्याय वापरून उत्तर काढायच्या युक्त्या शिकवायच्या का? शिकवायच्या, पण धडा पूर्ण पद्धतीनं झाल्यावर. नाहीतर बोर्डाला पोर कोरं राहतं, तिथं ८० मार्कांच्या लेखी पेपरात स्टेप्स लिहाव्या लागतात. युक्त्या म्हणजे, इंडेफिनिट इंटिग्रेशन अडलं तर पर्यायाचं डेरिव्हेटिव्ह काढून बघायचं, डिफरन्शियल इक्वेशनमध्ये पर्याय उलटा टाकून बघायचा, मॅट्रिक्सचा इन्व्हर्स विचारला तर पर्यायाला मूळ मॅट्रिक्सनं गुणायचं आणि तेही आख्खं नाही, एक ओळ आणि एक स्तंभ गुणला तरी दोन पर्याय गळतात. ट्रिगनॉमेट्रीत कोनाची किंमत टाकून बघता येतं, फक्त ४५ टाकू नका, तिथं साइन आणि कॉस सारखेच असल्यामुळं दोन-तीन पर्याय एकच उत्तर देतात, ३० टाका. डेफिनिट इंटिग्रेशनमध्ये वर रूट एक्स, खाली रूट एक्स + रूट (९ − एक्स), मर्यादा २ ते ७, असं काही दिसलं की आधी मर्यादांची बेरीज करायची, ९ आली, म्हणजे खालचं दुसरं पद हे पहिल्यातच एक्सच्या जागी ९ − एक्स टाकून आलंय, उत्तर मर्यादांच्या फरकाचं निम्मं, ५/२. पण हे असं का होतं ते त्या इंटिग्रलला आय म्हणून आय अधिक आय करून एकदा पोराच्या हातानं सिद्ध करून घ्या, नुसती युक्ती पाठ केलेलं पोर वरचं पद जरा बदललं तरी तेच उत्तर ठोकून येतं.

डिसेंबरपासून वेळ लावून पेपर सुरू करा. इथं एक महत्त्वाची गोष्ट, सीईटीला आधी ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्री असतं आणि ते संपल्यावरच गणित उघडतं, मागं जाता येत नाही. म्हणजे १०० मार्कांचं गणित पोर दीड तास डोकं शिणल्यावर सोडवतं. घरी मात्र सगळे सकाळी ताज्या डोक्यानं गणिताचा पेपर देतात आणि मग म्हणतात घरी चाळीस यायचे, परीक्षेत तीस कसे आले. म्हणून माझ्याकडं पेपरच्या दिवशी पोर आधी घरून फिजिक्स-केमिस्ट्रीचा दीड तासाचा पेपर देऊन तसंच थेट येतं आणि मग गणिताला बसतं. पहिल्यांदा फार वैतागतात, पण हा सराव अतिशय लागतो. दुसरं, प्रश्न छापील कागदावर देऊ नका, कॉम्प्युटरवर किंवा लॅपटॉपवर द्या आणि कच्चं काम बाजूच्या कोऱ्या कागदावर. स्क्रीनवरून कागदावर उतरवताना वजाचं अधिक होतं, ३ चा ८ होतो, ही चूक कागदी पेपरात तुम्हाला कधीच दिसणार नाही. कॅल्क्युलेटर नसतोच, तेव्हा घरीही मोबाइलवर ३७ गुणिले १४ करणं बंद.

९० मिनिटं कशी वापरायची ते प्रत्येक पोराचं वेगळं असतं पण साधारण तीन फेऱ्या शिकवा. पहिल्या फेरीत प्रश्न वाचल्याबरोबर रस्ता दिसला तरच सोडवायचा, नाहीतर पुढं, ही फेरी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत संपली पाहिजे आणि पन्नासही प्रश्न डोळ्याखालून गेले पाहिजेत. दुसऱ्या फेरीत रस्ता माहीत आहे पण लांबचा आहे असे. तिसऱ्या फेरीत उरलेले, पर्याय गाळत. शेवटची चार मिनिटं फक्त एवढ्यासाठीच ठेवायची की एकही प्रश्न कोरा राहता कामा नये. निगेटिव्ह नाही, चार पर्याय आहेत, दहा प्रश्न नुसते अंदाजानं मारले तरी सरासरीनं अडीच बरोबर येतात म्हणजे ५ मार्क, आणि दोन पर्याय गाळून मारले तर त्याच्या दुप्पट.

जेईई मेन पण देणाऱ्या पोरांचं इथंच नुकसान होतं. तिथं गणिताचे २५ प्रश्न, बरोबरला ४ आणि चुकलं तर उणे १, त्यामुळं त्यांच्या अंगात सोडून द्यायची सवय मुरलेली असते, आणि जेईईचं पोर सीईटीला आठ-दहा प्रश्न कोरे ठेवून येतं. जेईई झाल्यावर आठवडाभर तरी फक्त सीईटीच्या पद्धतीचे पेपर द्या, हात वळायला वेळ लागतो.

जानेवारी-फेब्रुवारीत बोर्डाची तयारी असते तेव्हा सीईटी बाजूला ठेवली तरी चालते, मी ठेवते. बोर्डाचे मार्क मेरिटला धरत नाहीत म्हणून पोरं हलक्यात घेतात, पण इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला बारावीला ठरलेल्या विषयांत ओपनला किमान ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात, आणि एनआयटीचं, म्हणजे जेईई मेनमधून मिळणाऱ्या केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांचं, स्वप्न असेल तर बारावीची अटही वेगळी आहे. शिवाय बोर्डासाठी स्टेप्स लिहिल्यानं गणित पक्कंच होतं. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की दोन दिवस पोराला झोपू द्या आणि मग सीईटीपर्यंतचे आठवडे पूर्ण पेपर आणि चुकांची वही, एवढंच. या काळात नवीन धडा सुरू करायचा मोह होतो, एखादा छोटा राहिला असेल तर घ्या, मोठा नको.

आता फी आणि पालक. फी किती घ्यायची ते तुमच्या गावावर आणि तुमच्या वेळेवर आहे, पण आख्ख्या वर्षाची आगाऊ घेऊ नका, महिन्याची घ्या किंवा दोन-तीन हप्त्यांत घ्या, आणि पहिले पंधरा दिवस दोघांनी बघायचे असं ठरवा. जमलं नाही तर मोकळ्या मनानं सांगता आलं पाहिजे, त्यांनाही आणि तुम्हालाही. शाळेत नोकरी करत असाल तर थांबा, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ मध्ये शिक्षकाला खासगी शिकवणीला मनाई आहे, ज्युनिअर कॉलेजवर असाल तरी नेमणुकीच्या अटी वाचून घ्या.

पालकांशी महिन्यातून एकदा बोला आणि पोराच्या समोर बोला, मागून नाही. काकू विचारतात, ‘ताई, नव्वदच्या वर जाईल ना?’ त्याला हो म्हणू नका आणि नाही पण म्हणू नका, मागच्या महिन्यात ५० पैकी २२ होते, या महिन्यात २७ आहेत, हे हे धडे झालेत, हे राहिलेत, असं कागदावर दाखवा. शेजारच्या पोराशी तुलना सुरू झाली की तिथंच थांबवा. पोराचा एखादा आठवडा वाईट गेला तर मी घरी कळवत नाही, दोन आठवडे वाईट गेले तर आधी पोरालाच विचारते, आणि पुष्कळदा कारण गणितात नसतंच, घरात कुणी आजारी असतं, भांडणं असतात, नाहीतर झोप होत नसते.

काही पोरांना नाही म्हणायला शिका, हे मनापासून सांगते. जो सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत इंटिग्रेटेड, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र असलेल्या, क्लासमध्ये असतो त्याला रात्री आठला तुमच्याकडं बसवून काही होणार नाही, तो डोळे उघडे ठेवून झोपलेला असतो. अशा वेळी मी सांगते की ट्यूशन नको, रविवारी दोन तास चुकांची वही घेऊन या. आणि परीक्षेला वीस दिवस राहिले असताना येणाऱ्यालाही ट्यूशन देऊ नका, पैसे मिळतील पण पोराचा असलेला आत्मविश्वास जाईल, त्याला फक्त पेपर सोडवून कसे तपासायचे ते एकदा दाखवा आणि घरी पाठवा.

ऑनलाइन घेणार असाल तर कॅमेरा पोराच्या तोंडावर नको, वहीवर पाहिजे. मोबाइल एका स्टँडला किंवा डब्यांच्या थप्पीला टेकवून वरून वहीकडं करायला लावा, तरच हात दिसतो. माझी एक मुलगी दुबईहून अशीच शिकते, कॅमेरा वहीवर आल्यापासूनच तिची ट्यूशन खरी सुरू झाली. घरी येणाऱ्या मुलांना हॉलमध्ये बसवा, दार उघडं, घरातली माणसं ये-जा करत असली तरी चालतात, पालकांना पण बरं वाटतं.

शेवटचा आठवडा. नवीन गणित एकही नाही, चुकांची वही पहिल्या पानापासून एकदा वाचायची, सूत्रं स्वतःच्या हातानं एकदा कोऱ्या कागदावर उतरवायची, आणि ज्या वेळेची शिफ्ट आहे त्याच वेळी रोज तीन तास बसायचं. सेंटर लांब असेल तर आदल्या दिवशी बघून यायला सांगा, आपल्याकडची पोरं बसनं येतात, उन्हाळ्याचे दिवस असतात, धावतपळत पोचलेल्या पोराचा पहिला अर्धा तास वाया जातो. हॉलतिकीट आणि ओळखपत्र रात्रीच बॅगेत. आदल्या संध्याकाळी पोराचा फोन येतोच, ‘ताई, व्हेक्टरचं ते राहिलंच’, तेव्हा व्हेक्टर शिकवायला बसू नका, जेवलास का विचारा आणि दहाला झोपायला सांगा. पेपर झाल्यावर कुठला प्रश्न कसा सोडवला हे त्या दिवशी विचारू नका, दोन दिवसांनी पोर आपणहून वही घेऊन येतं.